घामाला पुरून उरणारा प्लेअर

वाचकाचं पत्र

गाण्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही. आठवड्यातून चार दिवस पहाटे रस्त्यावर धावते, दोन दिवस तलावात पोहते, सुट्टीला सायकल नाहीतर डोंगर. फोन दंडाला बांधून धावायला मला अजिबात आवडत नाही. तो जड होतो आणि मेसेज पिच्छा सोडत नाहीत. म्हणून शर्टाला अडकवायचा छोटा प्लेअर घेतला. वर्षभरात तो चार्ज होईनासा झाला. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट काहीतरी साचलं होतं. मग ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयपीएक्स७ लिहिलेले ब्लूटूथ इअरबड घेतले आणि हातातल्या घड्याळात गाणी भरली. पण डोकं पाण्याखाली गेलं की गाणं बंद! आता त्यातला उजवा बडही चार्ज होत नाही. घेताना प्रत्येक वेळी ‘हा एकदम दणकट आहे’ हेच ऐकलंय. भाऊ म्हणतो, माझा जुना आयपॉड क्लासिक घे, जुन्या वस्तूच टिकायच्या. मला धावणं, पोहणं, डोंगर सगळ्याला चालेल आणि चार-पाच वर्षं टिकेल असा एकच प्लेअर हवाय. मिळेल का?
— एक वाचक

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे पिनांवरचा तो हिरवट थर. पुढचा प्लेअर निवडण्याआधी आधीचा कशाने गेला ते कळायला हवं, आणि तुमच्या बाबतीत ते स्पष्ट दिसतंय. तुमचा प्लेअर पडून फुटला नाही, पावसात भिजून गेला नाही. तो घामाने गेला. उजव्या बडचंही बहुधा तेच झालंय.

घाम म्हणजे खारं पाणी, आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. चार्जिंगच्या पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात, वर निकेलचा आणि सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. केबल घालून-काढून तो मुलामा झिजतो आणि खालचं तांबं उघडं पडतं. आता रोजचा क्रम आठवून बघा. धावून आलात, प्लेअर शर्टावरून काढला आणि तसाच चार्जिंगला लावला. पिनांवर घामाचा ओलावा आहे आणि त्यावर पाच व्होल्टचा दाब आला. दोन पिनांच्या मधल्या खाऱ्या थरातून वीज वाहू लागते आणि धन बाजूच्या पिनेचा धातू विरघळायला लागतो. ते हिरवं साचलेलं म्हणजे तांब्याचे क्षार. रोज थोडं थोडं असं चालू राहिलं की एक दिवस पिनेवर धरायला धातूच उरत नाही. तोवर आतली बॅटरी, मेमरी, आवाजाचं सर्किट सगळं ठणठणीत असतं, फक्त वीज आत जायचं दार बंद झालेलं असतं.

व्यायाम करणाऱ्यांच्या बऱ्याच उपकरणांचा शेवट असाच होतो आणि खोक्यावर त्याबद्दल एक अक्षर नसतं. खोक्यावर असतो तो आयपीचा आकडा. तो वाचायला शिकलात तर पुढची बरीच फसगत टळेल.

आयपी ही आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातली खूण आहे. पुढचे दोन आकडे वेगवेगळे वाचायचे. पहिला धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या बाजूची पातळी सांगितलेली नाही एवढंच समजायचं. म्हणजे तुमच्या आयपीएक्स७ बडना धुळीबद्दल काहीच आश्वासन नव्हतं. पाण्यात ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे नळीची धार, ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, आणि ८ म्हणजे त्याहून कडक अटी, ज्या कंपनीने स्वतः सांगायच्या असतात. त्यामुळे नुसतं ‘आयपी६८’ वाचून थांबू नका, किती मीटर आणि किती वेळ ते शोधा. एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: ७ मिळालेल्या वस्तूला ५ आपोआप मिळत नाही. शांत पाण्यात बुडवून ठेवणं आणि जोराच्या धारेखाली धरणं या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. दोन्ही पार केल्या असतील तर खोक्यावर दोन्ही आकडे लिहितात.

आणि मुख्य मुद्दा असा की या चाचण्या साध्या, गोड्या पाण्यात, नव्याकोऱ्या वस्तूवर होतात. घाम, तलावातलं क्लोरीन, समुद्राचं मीठ, साबण यांचा त्यात हिशेबच नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे एरवी आवाजाच्या भोकांवरच्या जाळीपाशी थांबणारं पाणी आत झिरपतं. म्हणून पाण्यात चालणारा प्लेअरसुद्धा अंघोळीला नेऊ नये. रबराची कडा उन्हाने, क्लोरीनने आणि वयाने कडक होत जाते, तेव्हा पहिल्या दिवसाचा आकडा तिसऱ्या वर्षी तसाच राहील अशी अपेक्षा धरू नका. वॉरंटीचा कागदही वाचून घ्या. आकडा मोठा छापलेला असतो आणि ‘पाण्याने झालेलं नुकसान यात येत नाही’ हे वाक्य बारीक अक्षरात असतं.

‘मिलिटरी ग्रेड’ या शिक्क्यालाही मी फार किंमत देत नाही. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं खरंखुरं मानक आहे. त्यातल्या पाडून बघायच्या चाचणीत वस्तू सुमारे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा, वेगवेगळ्या कडांवर आणि कोपऱ्यांवर पाडतात. पण ते २६ फटके पाच नगांत वाटून घ्यायला मुभा आहे, आणि घरगुती वापराच्या वस्तूंना या नावाचं प्रमाणपत्र देणारी कुठलीही लष्करी संस्था नाही. चाचणी कंपनी स्वतः करते, नाहीतर प्रयोगशाळेकडून करून घेते, आणि मानकातल्या ढीगभर चाचण्यांपैकी कोणत्या केल्या हे तीच ठरवते. तुमचं नुकसान पडण्याने झालेलंही नाही. छोटा प्लेअर वजनाला इतका हलका असतो की पडला तरी त्याला फारसं लागत नाही. क्लिपची स्प्रिंग मात्र बघा. घेताना जाड कापडावर लावून झटका द्या, सुटली तर तो नको.

आता तलावातल्या शांततेबद्दल. बडमध्ये बिघाड नव्हता. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि या लहरी पाणी फार पटकन शोषून घेतं. हवेत दहा मीटर जाणारा सिग्नल पाण्यात काही सेंटिमीटरांत संपतो. तुमचं घड्याळ मनगटावर, बड कानात, मध्ये पाणी आणि खारं पाणी भरलेलं तुमचंच शरीर. हात पाण्याबाहेर आला की क्षणभर गाणं, हात आत गेला की गप्प. कितीही महागडे बड घेतलेत तरी यात फरक पडणार नाही. पोहताना गाणी हवी असतील तर ती डोक्यावरच्या उपकरणातच भरलेली असली पाहिजेत. ‘वॉटरप्रूफ’ बड विकताना हे सांगत नाहीत याचा मला राग येतो, कारण पोहणारी माणसं नेमकी याच शब्दाला भुलून ते घेतात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, एका वस्तूत तुमचं जवळपास सगळं भागेल. स्वतःची मेमरी असलेला, कान उघडे ठेवणारा, बोन कंडक्शनचा हेडसेट घ्या. प्लेअर आणि हेडफोन एकच. मानेमागून जाणारी लवचीक पट्टी असते आणि दोन छोट्या चकत्या कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. त्या थरथरतात आणि तो कंप हाडातून थेट आतल्या कानापर्यंत पोचतो. वजन ३० ग्रॅमच्या आसपास. फोनचं वजन १७० ते २२० ग्रॅम असतं, त्यामुळे दंडाला पहिल्याच दिवशी फरक जाणवेल.

नमुन्यादाखल दोन नावं देते, म्हणजे बाजारात काय शोधायचं ते कळेल. शॉक्स कंपनीचा ओपनस्विम हा या जातीचा, आयपी६८, ४ जीबी मेमरीचा. त्याच्या मूळ रूपात ब्लूटूथच नव्हतं. पुढच्या ओपनस्विम प्रोमध्ये ३२ जीबी मेमरी आणि ब्लूटूथ दोन्ही आहे. सोनीच्या वॉकमन मालिकेतला एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३ वेगळ्या पद्धतीचा आहे. तो हाडावर टेकत नाही, कानात बसतो. मेमरी ४ जीबी, आणि २ मीटर खोलीपर्यंत खाऱ्या पाण्यातही चालेल असं कंपनी स्पष्ट सांगते. मीठ चालतं असं लेखी देणारे फार थोडे, म्हणून मला त्याचं मोल वाटतं. निव्वळ पोहणाऱ्या माणसाला मी तो आधी सुचवला असता. तुम्ही मात्र पहाटे अंधारात रस्त्यावर धावता आणि सायकलही चालवता. मागून येणारी गाडी ऐकू आलीच पाहिजे. तुमच्यासाठी कान उघडे ठेवणाराच हवा, यात मी तडजोड करणार नाही.

आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवते, नंतर हिरमोड नको. बोन कंडक्शनमध्ये खालचे सूर पातळ लागतात. ढोलाचा ठेका कळतो, पण छातीत घुमत नाही. कानात बसणाऱ्या चांगल्या बडची सवय असेल तर पहिला आठवडा रुखरुख लागेल. पाण्यात मात्र हेच उलटं होतं. इअरप्लग घालून कान बंद केले की खालचे सूर एकदम भरदार होतात. हाडातून आलेला आवाज कानाच्या नळीतून बाहेर निसटतो, तो प्लगमुळे आत अडतो. पण प्लग घातले की जीवरक्षकाची शिट्टीही ऐकू येणार नाही. गर्दीच्या वेळी एक कान उघडा ठेवा, आणि नदीत किंवा समुद्रात पोहताना गाणी किनाऱ्यावरच राहू द्या. पोहताना पट्टी टोपीच्या आत घ्या आणि गॉगलचा पट्टा टोपीच्या वरून लावा. नाहीतर भिंतीला पाय देऊन सुटताना पाण्याचा झोत पट्टी मागे ओढतो आणि चकत्या जागच्या हलतात.

घेताना मी सगळ्यात आधी चार्जिंगची जागा बघते. तुमची दोन उपकरणं जिथे गेली ती हीच जागा. याचे तीन प्रकार आढळतात. पहिला, उघडं यूएसबी पोर्ट. घामाशी गाठ असणाऱ्या वस्तूत हा नकोच. दुसरा, रबरी झाकणाचं पोर्ट. हे चालतं, पण सगळी भिस्त त्या झाकणावर. ते रबराच्या चिंचोळ्या पट्टीने अंगाला जोडलेलं असतं, रोज उघडून-मिटून पट्टी तुटते आणि मग झाकण नीट बसत नाही. झाकण उघडून त्याची आतली कडा बघा; तिथे उंच कंगोरा असेल तरच ते पाणी अडवतं, नुसतं सपाट रबर धूळ अडवण्यापुरतं. तिसरा प्रकार म्हणजे भोकच नाही. बाहेरच्या बाजूला तीन-चार सपाट धातूचे ठिपके असतात आणि चार्जर चुंबकाने किंवा चिमट्याने त्यावर बसतो. मला हाच पसंत आहे. आत पाणी जायला जागा नाही, आणि ठिपके सपाट असल्याने पुसता येतात; पोर्टच्या अरुंद खाचेत बोळा जात नाही, इथे नुसता कापडाचा कोपरा पुरतो. यातली अडचण एकच, हा चार्जर त्याच मॉडेलचा लागतो. तो हरवला आणि मॉडेल बंद झालं तर चांगली वस्तू कपाटात पडून राहते. प्लेअर घ्याल त्याच दिवशी जास्तीचा एक चार्जर घेऊन ठेवा. चार-पाच वर्षं टिकवायचं तुमच्या मनात असेल तर हा खर्च टाळू नका.

दुसरी बघायची गोष्ट बटणं. खरी, दाबली की टक् करणारी. स्पर्शाने चालणारी पट्टी पाण्याच्या थेंबाला बोट समजते, विशेषतः थेंब खारा असेल तर. मग गाणी आपोआप पुढे जातात नाहीतर आवाज वर चढतो. डोळे मिटून प्लस आणि मायनस ओळखता येतात का, टोपीवरून दाबता येतात का, हातमोजा घालून दाबता येतात का, हे घेण्याआधीच करून बघा. नुसतं बघून यातलं काही कळत नाही.

बॅटरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘चार-पाच वर्षं’चा निकाल तीच लावणार आहे. अशा हेडसेटची बॅटरी नखाएवढी असते आणि घरी बदलता येत नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते असं धरतात. तुमचा वापर आठवड्याला सहा-सात तासांचा, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक पूर्ण चार्ज, वर्षाला पन्नासेक. या हिशेबाने चार-पाच वर्षं अगदी वाजवी अपेक्षा आहे. पण चार्जची संख्या भरण्याआधीच बॅटरीला मारणारी गोष्ट म्हणजे उष्णता. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवली की ती पटापट म्हातारी होते. पोहून आल्यावर पिशवी डिकीत टाकून कामाला जायची सवय असेल तर ती आजच सोडा. बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धी भरलेली ठेवा, काठोकाठ नको आणि रिकामीही नको.

गाणी कुठून आणणार याचा विचार पैसे देण्याआधी करा. स्ट्रीमिंग ॲपवर ‘डाउनलोड’ केलेलं गाणं ही तुमच्या मालकीची फाइल नसते. ते त्या ॲपच्या कुलपात असतं, उचलून प्लेअरमध्ये टाकता येत नाही. स्पॉटिफायसारखं ॲप तर ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडलं नाही तर डाउनलोड केलेलंही वाजू देत नाही. प्लेअरला खुल्या फाइली लागतात: विकत घेऊन उतरवलेली गाणी, जुन्या सीडींवरून काढलेली, स्वतः रेकॉर्ड केलेली. तुमच्याकडे अशी गाणी नसतील आणि गोळा करायचा उत्साहही नसेल, तर माझा सगळा सल्ला तुम्हाला जड जाईल. तेव्हा हे आधी ठरवा.

मेमरीची चिंता करू नका. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला किती माहिती वाजते त्याचं हे माप) एमपी३ ला मिनिटाला साधारण १ एमबी लागते, चार मिनिटांचं गाणं ४ एमबी. म्हणजे ४ जीबीत हजाराच्या आसपास गाणी. ३२० केबीपीएस घेतलंत तर चारशेच्या घरात. धावताना श्वासाचा आणि वाऱ्याचा आवाज, पाण्यात फेसाचा आवाज, यात १२८ आणि ३२० मधला फरक कानाला कळणं कठीण. आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या अवजड एफएलएसी फाइली इथे वाया जातात. या उपकरणांना पडदा नसतो, म्हणून फोल्डर नीट लावणं जास्त महत्त्वाचं. धावण्याचं, पोहण्याचं, चढणीचं असे तीन फोल्डर करा आणि फाइलींच्या नावांपुढे ०१, ०२ असे आकडे घाला, म्हणजे क्रम बिघडणार नाही. तुम्ही गाण्याच्या ठेक्यावर धावत असाल तर पहिली दोन-तीन गाणी संथ ठेवा. सुरुवातीलाच दणदणीत ठेका लागला की माणूस पहिल्या किलोमीटरला दमतो.

आता भावाचा आयपॉड. त्याच्या आपुलकीला धक्का न लावता सांगते, तो घरात ऐकायला उत्तम, डोंगरावर नको आणि धावायला तर नकोच नको. ॲपलचा पहिला आयपॉड २००१ साली ५ जीबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि क्लासिक २०१४ मध्ये बंद होईपर्यंत हार्ड डिस्कवरच चालला. आत चकती फिरते आणि वाचणारा काटा तिच्यावर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतो. चढावर हवा विरळ झाली की तो थरही विरळ होतो, म्हणून या यंत्राला कंपनीने ३,००० मीटरची मर्यादा घातली होती. धावतानाचे हादरे त्याला कसे सोसणार हे सांगायला नको. भावाचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. जुन्या यंत्रांची बॅटरी बदलता यायची, म्हणून काही अजून चालतात. पण दगडावर बसून गाणी ऐकणं आणि घामात निथळत ऐकणं या वेगळ्या परीक्षा आहेत. आजचे छोटे प्लेअर फ्लॅश मेमरीवर चालतात, त्यात हलणारा भागच नसतो. हादऱ्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

एका वस्तूचं गणित डोंगरावर थोडं बिघडतं. मेमरीवाल्या हेडसेटची बॅटरी मॉडेलप्रमाणे साधारण सहा ते बारा तास चालते. एका दिवसाच्या चढाईला पुरेल, मुक्कामाला पुरणार नाही. थंडीत ती आणखी लवकर उतरते, म्हणून रात्री हेडसेट झोपायच्या पिशवीत आत ठेवा. पारा शून्याखाली असेल तर चार्ज करू नका. त्या तापमानाला चार्जिंग केलं की बॅटरीला कायमची इजा होते. मुक्कामाच्या चढाईसाठी वायरचे साधे इअरफोन आणि क्लिपचा स्वस्त प्लेअर अशी दुसरी जोडी ठेवायला हरकत नाही. वायर शर्टाच्या आतून घ्या, म्हणजे फांदीत अडकत नाही आणि कापडावर घासून होणारी खरखरही कमी होते.

सायकलवर एक सांभाळा. हेल्मेटचे पट्टे आणि हेडसेटचे कानावर अडकणारे आकडे (हुक) एकाच जागेसाठी भांडतात. आधी हेल्मेट, मग हेडसेट असा क्रम ठेवा, म्हणजे पट्ट्यांवरून आकडे बसतात. शर्यतीत उतरणार असाल तर नियम आधी विचारा. त्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीच्या) अधिकृत स्पर्धांत कानात किंवा कानावर असं काही घालायला मनाई असते.

कान उघडे असले तरी कानांना इजा होत नाही असं समजू नका. हाडातून आलेला आवाज आतल्या कानाच्या त्याच नाजूक पेशींवर पडतो. उघड्या कानात रहदारीचा गोंगाटही येतो आणि त्यावर मात करायला हात आपोआप आवाज वाढवतो. हीच या प्रकारातली मला वाटणारी खरी काळजी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास. तुमचं ऐकणं सहा-सात तासांचं आहे. शांत खोलीत बसून बरा वाटेल इतका आवाज लावा, ती पातळी बटणाच्या किती टिचक्यांवर आली ते लक्षात ठेवा आणि रस्त्यावर त्याच्या वर जाऊ नका. ट्रकच्या गोंगाटात गाणं बुडालं तर बुडू द्या. तेवढा वेळ रस्ताच ऐकायचा.

शेवटी रोजची निगा, कारण कुठलाही प्लेअर घेतलात तरी तो यावरच टिकणार. धावून किंवा पोहून आलात की हेडसेट नळाच्या हलक्या धारेखाली धरा. मीठ आणि क्लोरीन गोड्या पाण्याने धुऊन काढायचं आहे. नुसत्या टॉवेलने पुसलं की पाणी जातं आणि मीठ तिथेच राहतं. फवाऱ्याची जोराची धार नको, साबण नको. मग सुती कापडाने टिपून, चार्जिंगचे ठिपके खाली येतील असं ठेवून सावलीत वाळवा. हेअर ड्रायरची गरम हवा लावू नका, रबर आणि चिकटवलेले जोड सुटतात. तांदळात पुरून ठेवण्यानेही काही साधत नाही, उलट पीठ आणि कण खाचांत जातात. पूर्ण वाळल्यावरच चार्जर लावायचा. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे चार्जिंगची वेळ व्यायामापासून तोडणं: धावून आल्यावर नाही, रात्री झोपण्याआधी. महिन्यातून एकदा कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठिपक्यांवरून फिरवा.

तोच प्रयोग आज तुमच्या उजव्या बडवर करा. बडच्या तळचे दोन ठिपके आणि डबीतल्या स्प्रिंगवरच्या दोन बारीक पिना, दोन्हीकडे मऊ टूथब्रशला किंचित अल्कोहोल लावून हलक्या हाताने घासा आणि तासभर वाळू द्या. पिना अजून शाबूत असतील तर तो पुन्हा चार्ज व्हायला लागेल. जुना क्लिपचा प्लेअरही असाच साफ करून बघा. चालला तर डोंगरावरची दुसरी जोडी तुमच्या घरातच निघाली. मात्र त्याची मागची बाजू फुगलेली दिसली, किंवा तो चार्जिंगला लावल्यावर गरम व्हायला लागला, तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.